उरलेले चाळीस रुपये

दुपारचे बारा वाजत आले की शिवभोजन केंद्राच्या दारात रांग लागते. रांगेत हमाल असतात, रिक्षावाले असतात, सरकारी रुग्णालयात कुणाला तरी घेऊन आलेली गावाकडची माणसे असतात, अभ्यासिकेतून उठून आलेली स्पर्धा परीक्षेची पोरे असतात. केंद्रावरची बाई आधी मोबाइलवर फोटो काढते, नाव नोंदवते, दहा रुपये गल्ल्यात टाकते आणि ताट पुढे करते. या ताटात काय असावे हे शासन निर्णयात वजनासकट लिहून ठेवले आहे. प्रत्येकी ३० ग्रॅमच्या २ चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भाताची मूद.

एवढे जेवण दहा रुपयांत होत नाही, हे रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. २६ जानेवारी २०२० रोजी ही योजना सुरू झाली तेव्हा सरकारनेच एका थाळीचा हिशेब शहरात ५० रुपये आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरला होता. जेवणाऱ्याने १० द्यायचे. उरलेले ४० किंवा २५ रुपये सरकारने केंद्रचालकाच्या खात्यावर जमा करायचे. करोनाच्या पहिल्या टाळेबंदीत थाळी ५ रुपयांवर आली, २०२१ च्या दुसऱ्या लाटेत काही महिने ती मोफत मिळाली. हातावर पोट असलेल्या हजारो माणसांचे ते दिवस या ताटावर निघाले.

या प्रकरणाचा विषय म्हणजे ते उरलेले ४० रुपये. राहणे, खाणे, जाणे-येणे आणि पाणी या चार गोष्टींवर कष्टकरी घराची बहुतेक मिळकत खर्च होते. त्या परवडाव्यात म्हणून महाराष्ट्रात आणि मुंबईत गेली शंभर वर्षे नाना उपाय झाले. काही टिकले, काही कोसळले. कोसळण्याचे कारण शोधू गेले की एकाच प्रश्नाशी येऊन थांबावे लागते. किंमत कमी केली खरी, पण उरलेली रक्कम कोणी भरायची हे ठरवले होते का?

१९९५ साली राज्यात शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले आणि एक रुपयात झुणका-भाकर मिळू लागली. बेरोजगार तरुणांना मोक्याच्या जागी केंद्रे मिळाली. एका रुपयात पिठाचा, तेलाचा आणि जळणाचा खर्च निघणे शक्यच नव्हते. सारी भिस्त अनुदानावर होती. पुढे अनुदान आटले आणि योजना गुंडाळली गेली. झुणका-भाकरीच्या पाटीखाली वडापाव आणि चायनीज विकले जाऊ लागले. जागा राहिली, भाकरी गेली.

चेन्नईत २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘अम्मा उणवगम’चे तसे झाले नाही. एक रुपयाला इडली, पाच रुपयांना सांबारभात, तीन रुपयांना दहीभात. स्वयंपाकघरे महापालिकेची, रांधणाऱ्या बायका बचत गटांच्या, आणि तोटा महापालिकेच्या हिशेबात उघड लिहिलेला. २०२१ मध्ये तिथे सत्ता बदलली, तरी ही स्वयंपाकघरे चालू राहिली.

शिवभोजनाचे केंद्रचालक मात्र २०२५ मध्ये अनेक जिल्ह्यांत बिले थकल्याची तक्रार करत होते. वाण्याची उधारी, गॅस आणि कामावरच्या बायकांची मजुरी यांपैकी काहीही सरकारी बिलाची वाट पाहत थांबत नाही. बिल सहा महिने लांबले की तेवढे दिवस उरलेले ४० रुपये केंद्र चालवणारी बाईच भरत असते. बहुतेकदा ती स्वतः गरीब असते.

स्वस्त जेवण देण्याचा आणखी एक मार्ग मुंबईने पाहिला आहे. गिरणगावात एकटे राहणारे हजारो कामगार बायकांनी घरात चालवलेल्या खाणावळींत जेवत. महिन्याचा पगार झाला की पैसे मिळत. तोवर त्या बायका किराणा उधारीवर आणत आणि सावकाराचे व्याज फेडत. गोवा मुक्तिसंग्रामातून पुढे आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकांची दारे या बायकांसाठी उघडून घेतली. इथे थाळीवर अनुदान नव्हते. जेवणाच्या खर्चात दडलेले सावकाराचे व्याज तेवढे काढून टाकले होते. महागाईचे मूळ नेमके कुठे आहे ते हेरून तिथेच हात घातला की थोड्या पैशांतही मोठे काम होते, हे त्या खाणावळवाल्यांनी दाखवून दिले.

दहा बाय सोळाची खोली

पोटानंतर छप्पर. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत घरभाडी इतकी भडकली की १९१८ साली भाड्यावर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२० मध्ये, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारने ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हे खाते काढले. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा बेत होता. त्यासाठी पैसा कुठून आणायचा याचेही उत्तर तयार होते: शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर. कापसावर शहर श्रीमंत होत होते, तेव्हा कापूस विणणाऱ्यांच्या घरांना कापसानेच हातभार लावावा, असा तो विचार होता.

बांधून झाल्या त्या २०७ चाळी आणि १६ हजारांच्या आसपास खोल्या. वरळीत १२१, नायगावात ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीत १२. आजही त्या खात्याच्या आद्याक्षरांनीच त्या ओळखल्या जातात: बीडीडी चाळी. तळमजल्यावर तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, मधून लांबलचक बोळ आणि टोकाला सामाईक संडास. खोली १६० चौरस फुटांची. सुरुवातीला भाडे कामगाराच्या आवाक्याबाहेर होते, म्हणून अनेक खोल्या रिकाम्या पडून राहिल्या. पुढे भाडे उतरले आणि त्याच खोल्यांत तीन-तीन पिढ्या नांदल्या. बोळातच पोरांचे अभ्यास झाले, लग्नाच्या पंगती बसल्या, संपाच्या सभा झाल्या.

याच दशकात युरोपात व्हिएन्ना शहरानेही कामगारांच्या घरांचे काम हाती घेतले. तिथल्या नगरपालिकेचे अर्थप्रमुख हूगो ब्राइटनर यांनी १९२३ मध्ये घरबांधणी कर लावला. घर जितके आलिशान तितका कर चढा. शर्यतीचे घोडे, शँपेन, नोकरचाकर यांवरही कर होते. त्या पैशातून दहा-अकरा वर्षांत ६० हजारांहून अधिक घरे उभी राहिली. त्यांपैकी कार्ल मार्क्स होफ ही एकच वसाहत किलोमीटरभराहून लांब आहे आणि ती बांधली तेव्हा तिच्यात १,३८२ घरे होती. अंगण, पाळणाघर, धुलाईघर सगळे आत. व्हिएन्नाने ती घरे विकली नाहीत. आज त्या महापालिकेच्या मालकीची दोन लाखांहून अधिक घरे आहेत आणि शहरातील सुमारे निम्मे लोक महापालिकेच्या किंवा सरकारी मदतीने बांधलेल्या घरात भाड्याने राहतात.

मुंबईने १६ हजार खोल्यांवर काम थांबवले आणि दुसरी वाट धरली. नवी घरे बांधण्याऐवजी असलेल्या घरांची भाडी गोठवायची. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ‘प्रमाणित भाडे’ ठरवले ते १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते त्यावरून. फाळणीच्या त्या काळात शहरात लोंढे येत होते. हा कायदा नसता तर लाखो कुटुंबे रस्त्यावर आली असती. लालबाग, परळ, गिरगाव, दादर इथले मराठी मध्यमवर्गीय आणि कामगार जीवन या कायद्याच्या आधाराने उभे राहिले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत अर्धशतक चालला. भाडे १९४० चे राहिले. सिमेंट, लाकूड आणि गवंड्याची मजुरी मात्र दरवर्षी वाढत गेली. महिन्याला दहा-वीस रुपये भाडे घेणारा मालक इमारतीची गच्ची दुरुस्त करीना. नवा माणूस भाड्याने देण्यासाठी घर बांधीना. खोली एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ लागली ती पागडीवर, म्हणजे एकरकमी पैसे मोजून. कायद्याने भाडे रोखले, पण पागडी रोखता आली नाही. ज्याच्याकडे आधीपासून खोली होती तो तरला आणि ज्याच्याकडे नव्हती तो झोपडपट्टीत गेला.

१९६९ मध्ये सरकारने जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर आणला आणि दुरुस्ती मंडळ नेमले. अशा उपकरप्राप्त इमारती होत्या १९,६४२. उपकराचा पैसा आणि दुरुस्तीचा खर्च यांचा मेळ कधी बसला नाही. १९ डिसेंबर १९९७ रोजी मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेले भाडे आता समर्थनीय राहिलेले नाही असे बजावले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढीची मुभा मिळाली. पण ४ टक्के कशावर, तर त्याच जुन्या आकड्यावर.

म्हणून पावसाळा तोंडावर आला की म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते आणि यादीतल्या घरांत सामान बांधावे की राहावे याचा घोर सुरू होतो. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळून ३० हून अधिक माणसे गेली. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळला. घरभाडे स्वस्त ठेवण्याचा उरलेला खर्च कोणाच्याच वहीत लिहिला गेला नाही. तो वाशांत, गर्डरांत आणि भिंतींत साचत राहिला आणि शेवटी त्याच भाडेकरूंच्या अंगावर आला.

मुंबई महापालिकेने १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ केला. सुमारे १६ लाख घरांना त्याचा फायदा झाला. छोट्या घरात राहणाऱ्या निवृत्त माणसाला या माफीने दिलासा मिळाला यात शंका नाही. पण ही सवलत मालकाला मिळते. ज्याचे घरच नाही, जो अकरा महिन्यांच्या करारावर दरवर्षी सामान उचलतो, त्याच्यापर्यंत ती पोहोचत नाही. परवडणारी भाड्याची घरे मुंबईत पुरेशी नाहीत, आणि शहरात नव्याने येणाऱ्या नर्सला, पोलीस शिपायाला, डिलिव्हरी करणाऱ्या पोराला गरज आहे ती नेमकी त्यांचीच.

पाच रुपयांचे तिकीट

घर लांब गेले की प्रवास वाढतो. मुंबईच्या रस्त्यावर पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी धावली आणि १९४७ मध्ये वीज आणि वाहतूक दोन्ही महापालिकेच्या ताब्यात आल्या. या दोन्ही चालवणाऱ्या बेस्टचे गणित अनेक वर्षे साधे होते: विजेत होणारा नफा बसच्या तोट्यात घालायचा. फोर्टमधली मोठी कार्यालये विजेचे बिल भरत आणि त्याच कार्यालयांत झाडलोट करणारी बाई स्वस्त बसने घरी जाई. २००३ च्या वीज कायद्यानंतर हे गणित अवघड झाले. विजेच्या ग्राहकाने बसचा तोटा का सोसावा यावर वीज नियामक आयोगापुढे आणि न्यायालयात वाद झाले आणि अखेर तो मार्ग बंद झाला.

९ जुलै २०१९ रोजी बेस्टने किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आणले. पाच किलोमीटरला पाच रुपये, वातानुकूलित बसला सहा. प्रवासी लगेच परतले. शेअर रिक्षात अंग चोरून बसणारे लोक पुन्हा थांब्यावर उभे राहिले. महापालिकेने अनुदान देऊ केले, पण त्यासोबत खर्चकपातीची अट आली. स्वतःच्या नव्या बस घेण्याऐवजी खासगी कंत्राटदारांच्या बस, त्यांच्याच चालकांसह, भाड्याने घ्यायच्या. पुढे काही कंत्राटदारांनी परवडत नाही म्हणून बस काढून घेतल्या, चालकांनी पगारासाठी काम बंद केले. एकेकाळी साडेचार हजारांच्या घरात असलेला ताफा २०२५ पर्यंत तीन हजारांच्या खाली घसरला.

स्वस्त तिकिटाची किंमत थांब्यावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. २०२५ च्या मार्चमधली एखादी सकाळ घ्या. चार घरची धुणीभांडी करणारी बाई कुर्ल्यात थांब्यावर उभी आहे. बसचे तिकीट पाच रुपये. पंधरा मिनिटे गेली, वीस गेली, आलेली बस खच्चून भरलेली, दरवाजात पाय ठेवायलाही जागा नाही. पहिल्या घरी सातला पोहोचायचे आहे. उशीर झाला की तिथल्या बाई पगारातून कापतात. शेवटी ती रिक्षाला हात करते. रिक्षाचे किमान भाडे १ फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये झाले आहे. पाच रुपयांची बस वेळेवर न आल्यामुळे तिला २१ रुपयांचा भुर्दंड पडला. ९ मे २०२५ रोजी बेस्टचे किमान भाडे १० रुपये झाले, वातानुकूलितचे १२. दुप्पट भाडे देऊनही थांब्यावरची वाट कमी झाली नाही, ही प्रवाशांची खरी तक्रार होती.

राज्य परिवहन महामंडळाच्या एसटीने वेगळी पद्धत धरली. १७ मार्च २०२३ पासून महिलांना सर्व एसटी बसमध्ये अर्धे तिकीट; त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत. इथे सवलत महामंडळाने स्वतःच्या गल्ल्यातून द्यायची नाही. अर्धे भाडे बाईने द्यायचे, उरलेले अर्धे राज्य सरकारने महामंडळाला भरून द्यायचे. निमआराम बसमधून माहेरी निघालेल्या, तालुक्याच्या बाजाराला आणि दवाखान्याला निघालेल्या बायकांनी गाड्या भरू लागल्या. करोना आणि लांबलेला संप यांनी खचलेल्या एसटीचे रोजचे प्रवासी पुन्हा ५० लाखांच्या पुढे गेले. ही जुळणी शहाणपणाची आहे, कारण सवलत जितकी वापरली जाईल तितके महामंडळाचे सरकारकडचे येणे वाढते. बाईला चढवून घेण्यात वाहकाचे नुकसान नसते.

दिल्लीत २९ ऑक्टोबर २०१९ रोजी, भाऊबीजेच्या दिवशी, बायकांचा बसप्रवास मोफत झाला. तिथे बसमध्ये बायकांना गुलाबी तिकीट मिळू लागले आणि प्रत्येक तिकिटामागे सरकार परिवहन संस्थेला १० रुपये देऊ लागले. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून बायकांना मोफत बसप्रवास देणारी ‘शक्ती’ योजना आहे. या सगळ्यांत धोका एकच. सरकारने प्रतिपूर्ती वेळेवर केली नाही, की महामंडळ नव्या गाड्या घेऊ शकत नाही, जुन्या गाड्या घाटात बंद पडतात आणि चालक-वाहकांचा पगार लांबतो.

हजार लिटरचा भाव

मुंबईत सर्वांत स्वस्त काय, असे विचारले तर प्रामाणिक उत्तर आहे पाणी. सात तलावांतून रोज जवळपास ३९० कोटी लिटर पाणी शहराकडे निघते. विहार तलाव १८६० चा, तानसा १८९२ चा. ठाणे आणि नाशिक जिल्ह्यांतल्या डोंगरांतून ते बऱ्याच अंशी उताराने येते, म्हणून वाहून आणण्याचा खर्च कमी. घरगुती नळाला महापालिका हजार लिटरमागे दहा रुपयांपेक्षाही कमी आकारते.

पण हा भाव ज्याच्या घरात नळ आहे त्याच्यासाठी. ज्या वस्तीला अधिकृत जोडणी नाही, तिथे पाणी हंड्यावर आणि कॅनवर विकत घ्यावे लागते. २० लिटरच्या कॅनला पाच रुपये मोजले तरी हजार लिटरचे २५० रुपये होतात. म्हणजे उंच इमारतीतल्या घरापेक्षा झोपडीतले पाणी पंचवीस पटींहून महाग. पाणी हक्क समितीने हा प्रश्न न्यायालयात नेला. १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की झोपडी अनधिकृत असली तरी आतल्या माणसाचा पाण्याचा हक्क संपत नाही. महापालिकेला धोरण करावे लागले आणि २०२२ मध्ये ‘सर्वांसाठी पाणी’ जाहीर झाले. राहणीमान परवडणारे करण्यासाठी इथे अनुदानाची गरजच नव्हती. अर्ज मंजूर करून नळ जोडून देणे पुरेसे होते.

या स्वस्त पाण्याची दुसरी बाजू शहापूर तालुक्यात आहे. मुंबईची तहान भागवणारे तलाव ज्या तालुक्यात आहेत, तिथल्याच आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. टँकर आला की बायका हंडे घेऊन विहिरीकडे धावतात. मुंबईच्या नळाचे उरलेले पैसे त्या भरत आहेत, आणि त्यांना कोणी विचारलेले नाही.

हिशेब कुठे वाचायचा

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षे १६० फुटांत राहिलेल्यांचा तो हक्कच होता. या घरांचा खर्च त्याच जमिनीवर बांधल्या जाणाऱ्या विक्रीच्या इमारतींतून काढला जाणार आहे. म्हणजे इथे उरलेले ४० रुपये सरकारी जमीन भरते आहे. जमीन एकदाच विकता येते. पुढच्या पिढीतल्या कामगारांसाठी त्या जागेवर भाड्याची एकही नवी खोली निघणार नाही, हे लक्षात ठेवायला हवे.

कोणतीही सवलत जाहीर झाली की वर्तमानपत्रात पहिल्या पानावर तिचा भाव येतो: दहा रुपये, अर्धे तिकीट, कर माफ. तिची दुसरी रक्कम अर्थसंकल्पाच्या पुस्तकात असते. मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प दरवर्षी फेब्रुवारीत मांडला जातो. २०२५-२६ चा आकडा होता ७४,४२७ कोटी रुपये आणि त्यात बेस्टसाठी अनुदान होते १,००० कोटी. आपल्या गावाची नगरपालिका असो वा जिल्हा परिषद, तिचेही असेच पुस्तक असते आणि ते मागून पाहता येते. पुढच्या वेळी ते हाती आले की बस, पाणी, दवाखाना आणि भाड्याची घरे या चार नावांसमोर किती रक्कम लिहिली आहे आणि मागच्या वर्षी लिहिलेल्यापैकी प्रत्यक्षात किती खर्च झाली, एवढे दोन रकाने वाचा. मग आपल्या नगरसेवकाला किंवा जिल्हा परिषद सदस्याला भेटून त्या दोन आकड्यांतल्या फरकाबद्दल विचारा.